नवा जोडलेला पीसी मधूनच हँग होतो : गेम खेळताना नाही, अल्बम करताना होतो

बोरीकाठ

मंडळी, अमळनेरहून लिहितोय. लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम घरूनच करतो. जुनं मशीन फोटोशॉपमध्ये धापा टाकायला लागलं म्हणून लग्नसराईच्या तोंडावर नवा पीसी जोडून घेतला. त्याच मशीनवर मुलीचा अभ्यास आणि धाकट्याचे गेम.

प्रोसेसर रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर५ रॅम १६ जीबीच्या चार पट्ट्या (६००० स्पीडच्या, दोन-दोनच्या दोन पाकिटांतून आलेल्या), १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा नवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), ग्राफिक्स कार्ड तेवढं जुन्या मशीनमधलं. विंडोज ११.

त्रास असा, की मधूनच सगळं जागच्या जागी थांबतं. निळा पडदा येत नाही, आपोआप रिस्टार्टही होत नाही. गाणं चालू असेल तर घर्रर्र असा एकच आवाज अडकून राहतो. कधी माऊस हलतो पण काही उघडत नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं की बंद होतो, पुन्हा लावला की जणू काही झालंच नाही. धाकटा तास-दोन तास गेम खेळतो तेव्हा काही होत नाही. माझं काम चालू असताना होतं, किंवा मी चहाला उठलो की होतं.

आणखी एक, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. त्याचा संबंध असेल का? जोडून देणारा म्हणतो, "विंडोज परत टाकून देतो, घेऊन या." मशीन दुकानात नेलं की तिथे दिवसभर छान चालतं.

केळीचा_घड

मे महिना, अमळनेर, आणि पीसी हँग होतो म्हणून धागा! भाऊ, आमच्या रावेरला या दिवसांत माणसंही दुपारी बारा ते चार हँगच असतात, पीसीला काय दोष देता. बाकी जाणकार येतीलच, मी खुर्ची ओढून बसलोय.

धुळेकर_आप्पा

मना पीसी बी असाच करे भो. पंखा साफ कया, नवी पेस्ट लाई, तवय सुधारना. गरमीच असणार. खोलीत ४० अंश असल्यावर आतला प्रोसेसर किती तापत असेल याचा विचार करा. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून ठेवा आणि कूलर तिकडे फिरवा.

जंक्शनवाला

आप्पा, पट्टी काढा इथवर ठीक, पण पाण्याच्या कूलरचा झोत उघड्या कॅबिनेटवर कृपा करून सोडू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याच्या तुषारांबरोबर क्षार येतात आणि बोर्डावर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर बसतो. भुसावळला असे बोर्ड हातात येतात. ते स्वच्छ करता येतात, पण वाचतात कमी.

उन्हाळ्याचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. प्रोसेसरवरचा कूलर-फॅन आतलं तापमान खोलीपेक्षा अमुक अंशांनी वर राखतो, खोलीच्या खाली नेत नाही. यूट्यूबवरची परीक्षणं वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. आपल्या खोलीत दुपारी ३८-४० असेल तर तिथल्या आकड्यात सरळ पंधरा मिळवायचे. म्हणजे तिथे ७० दिसतं ते इथे ८५. पण ७६०० ची मर्यादा ९५ अंशांची आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि त्याच्याही फार वर गेला तर मशीन फटकन बंद पडतं. जागच्या जागी गोठून उभं राहणं हे प्रोसेसरच्या गरमीचं लक्षण नाही. आणि गेममध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त तापतं तेव्हाच, यांना त्रास नाही.

झिणझिण्यांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग शाबूत असेल तर ती गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, म्हणून झिणझिण्याच येतात, पण त्याचा अर्थ घराच्या सॉकेटमधलं तिसरं भोक शोभेचं आहे. उद्या कूलरच्या मोटरीची वायर पाण्यात सोलली गेली तर ते किरकोळ राहणार नाही. मल्टिमीटर लावून तीन आकडे इथे टाका : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. येत नसेल तर वायरमनला बोलवा. आणि कोणी "न्यूट्रलची उडी मारून अर्थला जोडून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. न्यूट्रल कुठे तुटली तर सगळा पत्रा पूर्ण फेजवर येतो.

चोपड्याचा_चहावाला

एवढं लांबण कशाला? विंडोज फॉरमॅट मारा, अँटिव्हायरस काढा, ड्रायव्हर नवे टाका. दहातल्या नऊ वेळा तेच असतं.

निळा_डबा

मी तर आधीपासून सांगतो, काम करायचं असेल तर इंटेल घ्या. एएमडीत हे असलं चालूच असतं.

ॲड्रेसबस

निळा_डबा, असल्या पैजा इथे नकोत. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान होत होतं. ते इंटेलने स्वतः २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. एएमडीनेही मार्च २०२२ मध्ये एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीमुळे) मशीन मधूनच अडखळतं हे मान्य करून नंतर बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून, दुरुस्त केलं. दोघांचीही अंडीपिल्ली बाहेर आलेली आहेत. बोरीकाठ यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

चहावाले, फॉरमॅटला माझा विरोध एवढ्यासाठी, की हा त्रास अनियमित आहे. फॉरमॅट केल्यावर दोन दिवस शांत गेले तर फॉरमॅटने गेला की नशिबाने, हे कळणार नाही. वर सगळे फाँट आणि प्लगइन पुन्हा टाकण्यात त्यांची ऐन लग्नसराईतली अख्खी संध्याकाळ जाईल.

बोरीकाठ दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही एक त्रास म्हणून लिहिलंय, पण मला त्यात दोन वेगळी दुखणी दिसतात. आवाज घर्रर्र करत अडकतो आणि सगळं ठप्प होतं, हे एक. माऊस हलतो पण काही उघडत नाही, हे दुसरं. यापुढे हँग झालं की लगेच बटण दाबू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि दिवा लागतो-विझतो का बघा. दिवा प्रतिसाद देत नसेल तर विंडोजचा गाभाच थांबला आहे. रॅम, प्रोसेसर, बोर्ड, वीज यांपैकी काहीतरी. दिवा लागत असेल आणि माऊसही हलत असेल तर गाभा जिवंत आहे, तो कशाची तरी वाट बघतोय, बहुतेक वेळा डिस्कची. तिसरी शक्यता फक्त चित्र अडकल्याची. त्यासाठी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर दोष त्या कार्डाच्या बाजूला.

वहीत लिहून ठेवा : वेळ, काय चालू होतं, कॅप्स लॉक लागला की नाही. बाकी काहीही बदलू नका.

बोरीकाठ

खूप आभार सगळ्यांचे. तोवर एक सांगतो, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणेची "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद दर वेळी दिसते. नेटवर बघितलं तर सगळे म्हणतात एसएमपीएस गेला. नवा घेऊ का?

ॲड्रेसबस

थांबा, पैसे खिशात ठेवा. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ती नोंद पुढच्या वेळी चालू होताना पडते. तुम्ही बटण दाबून बंद केलंत म्हणून ती आली. ती कारण सांगत नाही, परिणाम सांगते. या एका नोंदीपायी लोकांनी किती एसएमपीएस बदलले असतील देव जाणे.

त्याच्या आधीच्या काही मिनिटांत पिवळ्या खुणेचं काही आहे का ते बघा. "डब्ल्यूएचईए-लॉगर" असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा पीसीआय मार्गावरची हार्डवेअर चूक. "स्टॉरएनव्हीएमई" (एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर) आणि १२९ हा आकडा असेल तर मला लगेच सांगा.

जंक्शनवाला

एसएमपीएसबद्दल माझंही तेच मत. आपल्याकडे लाईट खालीवर होते म्हणून पहिला संशय तिच्यावर जातो, पण विजेचा झटका एसएमपीएसच्या सहनशक्तीबाहेर गेला तर मशीन रिस्टार्ट होतं किंवा बंद पडतं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर पुरवठा तुटल्यानंतर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरवर असाल तर मागचा खटका यूपीएस मोडवर आहे ना तेवढं बघा. दुसऱ्या मोडमध्ये तो फार खालच्या व्होल्टेजपर्यंत तसाच पुढे सोडतो आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो.

सातपुड्याची

शिरपूरहून. आमच्या सेवा केंद्रात नऊ मशीन आहेत, त्यातली काही नवीन घेतली तेव्हा हाच खेळ झाला होता. माझा प्रश्न : चहाला उठल्यावर जे होतं, त्या वेळी कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा कसा असतो? एकसारखा लागलेला, की पूर्ण विझलेला?

बोरीकाठ

ताई, एकसारखा लागलेला. आजच बघितलं. आणि ॲड्रेसबस, वहीतलं सांगतो.

काम चालू असताना, मोठी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडी असताना : आवाज अडकतो, कॅप्स लॉक मेलेला, ती चार बटणं दाबूनही काही नाही. हे बहुतेक दुपारी किंवा संध्याकाळी होतं. सकाळी लवकर बसलो तर झालेलं आठवत नाही.

चहाहून परत आल्यावर : माऊस हलतो, कॅप्स लॉक लागतो, मुलीने लावलेलं गाणं तर थोडा वेळ चालूच होतं. स्टार्ट दाबलं की काही नाही, खिडक्या पांढरट होतात. एकदा तसाच सोडून भाजी आणायला गेलो तर परत आल्यावर आपोआप चालू झालेला. १२९ दिसतंय! "रीसेट टू डिव्हाइस" असं काहीतरी, एकाखाली एक.

केळीचा_घड

म्हणजे खरंच दोन निघाली. खुर्चीवरून उठून उभा राहून वाचतोय.

सातपुड्याची

चहावालं दुखणं मी घेते, दुपारचं ॲड्रेसबस घेतील.

दादा, १२९ म्हणजे विंडोजने डिस्कला काही विचारलं, ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने तिला हलवून जागं केलं. एनव्हीएमई डिस्क रिकामी असली की वीज वाचवायला झोपेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर जाते, आणि बोर्ड ते डिस्क हा जो पीसीआय एक्सप्रेसचा मार्ग, तोही झोपतो. काही डिस्कचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि काही बोर्डांचं बायोस यांचं या उठण्या-झोपण्यात जमत नाही. सतत काम चालू असेल तर डिस्क झोपतच नाही, म्हणून गेममध्ये त्रास नाही. तुम्ही उठून गेलात की ती झोपते आणि उठत नाही. पुष्कळदा नोंदही सापडत नाही, कारण नोंद लिहायची ती त्याच डिस्कवर. तुमची डिस्क उशिरा का होईना उठली म्हणून नोंदी पडल्या.

आधी कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसखाली "लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट" असतं, ते ऑफ करा. घरच्या पीसीला त्याने विजेच्या बिलात काही फरक पडत नाही. एवढंच करून दोन-तीन दिवस बघा. मग कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून डिस्कचं फर्मवेअर नवं आहे का ते तपासा. असेल तर आधी चालू अल्बम दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. फर्मवेअरने सहसा डेटा जात नाही, पण ग्राहकाच्या लग्नाचे फोटो "सहसा"वर सोडायचे नसतात.

डिस्क बोर्डात नीट बसली आहे का तेही बघून घ्या. शेवटचा छोटा स्क्रू पूर्ण आवळलेला हवा आणि हीटसिंकच्या खालचा प्लास्टिकचा कागद काढलेला हवा. तो कागद तसाच राहिलेली मशीन मी पाहिली आहेत.

डिस्कच्या कंपनीचं नाव इथे लिहू नका, उगाच तिच्यावर दुसरा धागा निघेल.

ॲड्रेसबस

ताईंनी सुरेख सांगितलं. आता दुपारचं.

माझा संशय रॅमवर आहे, आणि पट्ट्या खराब आहेत असंही मी म्हणत नाही. तुमच्या प्रोसेसरला एएमडीने दोन पट्ट्यांसाठी ५२०० चा वेग दिलाय. चार पट्ट्या लावल्या की तो अधिकृत आकडा ३६०० वर येतो. ६००० हा पाकिटावरचा आकडा एक्स्पो प्रोफाइलचा आहे, म्हणजे ओव्हरक्लॉक (अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं), आणि तो पाकिटातल्या दोन पट्ट्यांपुरता तपासलेला असतो. दोन पाकिटं एकत्र कोणी तपासलेली नसतात, भले नाव आणि मॉडेल तेच असो. चार पट्ट्या म्हणजे मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो आणि सिग्नलची स्वच्छता घटते. तरी ६००० वर मशीन चालू होतं, कारण पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमचं "ट्रेनिंग" करून कसंबसं जमेल असे आकडे शोधतो. नवा पीसी पहिल्यांदा लावला तेव्हा बराच वेळ काळा पडदा होता ना, ते हेच.

आता आप्पांना अर्धे गुण द्यावे लागतील. डीडीआर५ च्या पट्टीवर तिचा स्वतःचा वीज सांभाळणारा चिपही असतो, त्यामुळे पट्टी जुन्या रॅमपेक्षा तापते. चार पट्ट्या एकमेकींना चिकटून, मधून हवा जायला जागा नाही. आणि जुळवाजुळव काठावरची असेल तर तापल्यावर ती बिघडते. सकाळी खोली थंड असताना जुळलेलं दुपारी ४० अंशांत टिकत नाही. दुकानात एसी आहे, तिथे दिवसभर छान चालणारच.

गेममध्ये का नाही? धाकट्याचा गेम थोडी रॅम वापरतो आणि मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो. तुमचा अल्बम पन्नास जीबी भरून टाकतो. चुकीच्या जागेवर पाय पडायची शक्यता तुमच्याकडे कितीतरी जास्त.

कोणीतरी येऊन सांगेल, की डीडीआर५ मध्ये आतच ईसीसी असतं, चूक दुरुस्त होते. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या आत. पट्टी ते प्रोसेसर या वाटेवर बिघडलेलं त्याला कळत नाही.

चाचणी अशी करा. मेमटेस्ट८६ प्लस फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्याच्यावरून मशीन चालू करा. ६४ जीबीला एक फेरी व्हायला तास-दोन तास सहज लागतात. महत्त्वाचं म्हणजे ही चाचणी रात्री गच्चीवर झोपायला जाताना लावू नका. भर दुपारी, कूलर बंद करून लावा. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो टाकलं तर प्रत्येक पट्टीचं तापमानही दिसतं.

बोरीकाठ

दुपारी कूलर बंद करून बसायचं म्हणजे घरात आमचीच चाचणी होईल. पण करतो.

केळीचा_घड

वहिनींना आधी विचारा.

बोरीकाठ

लिंक स्टेट ऑफ केल्यापासून चहावालं दुखणं एकदाही झालेलं नाही. डिस्कचं नवं फर्मवेअरही मिळालं, फोटो दुसरीकडे काढून ते टाकलं. ताई, कागद काढलेलाच होता.

दुपारी चाचणी लावली. सगळी मंडळी शेजारी काकूंकडे गेली, मी टॉवेल घेऊन बसलो. पहिली फेरी स्वच्छ, मला वाटलं चुकलं आपलं काहीतरी. दुसऱ्या फेरीत लाल ओळी सुरू. हीच चाचणी पहाटे लावली तर एकही लाल ओळ नाही.

मग ॲड्रेसबस यांनी खरडवहीत सांगितलं तसं बायोसमध्ये एक्स्पो बंद केलं. बोर्डाने आपोआप ३६०० धरलं. दुपारची चाचणी स्वच्छ, आणि दुपारभर अल्बम केला, ठप्प झालं नाही.

आता प्रश्न असा, की ६००० चे पैसे मोजले आणि वापरतोय ३६००. व्होल्टेज वाढवलं तर ६००० वर चालेल असं एका व्हिडिओत दाखवतात.

ॲड्रेसबस

व्होल्टेज वाढवून चालेलही, पण ते तुमच्या कामाचं नाही. एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.३ च्या वर नेऊ नका, कोणीही कितीही सांगो. २०२३ मध्ये बोर्डावरच्या याच सॉकेटमध्ये बसणारे काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ती मर्यादा बायोसमधूनच घालून दिली. आणि काठावर चालवलेली रॅम नेहमी हँगच करते असं नाही. कधी गुपचूप एखादी फाइल खराब करून ठेवते, आणि ते तुम्हाला अल्बम छापून आल्यावर कळतं.

तुमच्यापुढे दोन रस्ते. चार पट्ट्या ३६०० वर, किंवा ३२ जीबीच्या दोन पट्ट्या ६००० वर. दोन पट्ट्या काढून ३२ जीबीवर राहा असं मी सांगणार नाही. फोटोशॉपला रॅम कमी पडली की ते डिस्कवर लिहायला लागतं आणि तिथे वेगाचा सगळा फायदा बुडतो. वेग आणि जागा यांत निवडायचं झालं तर अल्बमवाल्याने जागा निवडावी. चार पट्ट्या ३६०० वर तुमच्या कामात तुम्हाला हळू जाणवल्या का, ते तुम्हीच सांगा.

बायोस नवं टाकून घ्या. या सॉकेटवर रॅमची जुळवाजुळव नव्या बायोसांमध्ये बरीच सुधारली आहे. पण टाकताना लाईट जाणार नाही अशी वेळ बघा आणि मशीन इन्व्हर्टरवर ठेवा. त्यानंतर "मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर" बंद करून बघा. ते चालू असलं की बोर्ड दर वेळी ट्रेनिंग न करता जुनेच आकडे वापरतो. बंद केलं तर मशीन चालू व्हायला जास्त वेळ घेईल, तेवढं सोसा.

चोपड्याचा_चहावाला

फॉरमॅट न करता निघालं म्हणायचं. बरं, पण दुकानदाराने चार पट्ट्या ६००० वर लावून द्यायच्याच कशाला?

सातपुड्याची

गिऱ्हाईक पाकिटावरचा आकडा बघतं, दुकानदार तो आकडा पडद्यावर दाखवून देतो. एक्स्पो लावल्यावर दुपारभर चाचणी चालवायला जळगाव काय नि पुणे काय, कोणाकडे वेळ असतो? नवीन मशीन घेताना बिल द्यायच्या आधी रॅमच्या पट्ट्या किती आणि कुठल्या खाचांत, हे बघायची सवय मी लावून घेतली आहे. चार खाचा असतील आणि पट्ट्या दोनच, तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं.

जंक्शनवाला

हे सगळं झालं, पण माझे तीन आकडे राहिले.

बोरीकाठ

विसरलो नाही, वायरमन आज आला. फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ ११५, न्यूट्रल-अर्थ ११०. त्याने अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला तर काळी माती इतकी भेगाळली होती की पट्टीला माती कुठे चिकटलेलीच नव्हती, आणि वरची तार गंजून तुटलेली. घर बांधलं तेव्हाचा खड्डा, नंतर कोणी त्यात पाणी ओतलेलं नाही.

जंक्शनवाला

निम्म्यावर तरंगतंय, बरोबर. यामुळे हँग होत होता असं मी म्हणणार नाही, रॅमच्या चाचणीने ते वेगळं सिद्ध झालंय. पण नवा खड्डा करून घ्याच, आणि उन्हाळाभर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. काळी माती ओली असली की अर्थिंगला उत्तम, सुकली की ती आकसते आणि पट्टीपासून सुटते. झाल्यावर न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. आणि पीसीची पिन तीन पायांचीच ठेवा, दोन पायांचं ॲडॉप्टर लावून सगळं पाण्यात घालू नका.

बोरीकाठ

खड्डा झाला, न्यूट्रल-अर्थ आता दीड व्होल्ट. झिणझिण्या गेल्या. मुलगी म्हणते आता चप्पल न घालता बसता येतं.

रॅमचं : चार पट्ट्या ३६०० वर असताना काम हळू वाटलं नाही, मोठी फाइल सेव्ह करायला थोडा फरक असेल तर असेल. तरी दुकानदाराला मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि एएमडीच्या साइटवरचा चार पट्ट्यांचा आकडा दाखवला. आधी तो "विंडोजचा प्रॉब्लेम" म्हणत होता. फोटो बघितल्यावर फरकाचे पैसे घेऊन ३२ च्या दोन पट्ट्यांचं एक पाकीट द्यायला तयार झाला. ते आलं, एक्स्पोवर ६००० लावलं, दुपारची चाचणी पुन्हा कूलर बंद करून घेतली. स्वच्छ. दोन पट्ट्यांच्या मधली खाच रिकामी असल्याने पट्ट्यांचं तापमानही बरंच खाली दिसतंय.

बायोस नवं टाकलं, लिंक स्टेट ऑफच ठेवलंय. अडकलेले अल्बम छापायला गेले.

सातपुड्याची

लिंक स्टेट सध्या ऑफच राहू द्या. नव्या फर्मवेअरने दुखणं गेलं का हे बघायची हौस असेल तर लग्नसराई संपल्यावर ऑन करून बघा, आत्ता नको.

धुळेकर_आप्पा

अर्धा गुण तरी भेटना माले, बस शे. भाऊ, त्या सोळाच्या जुन्या पट्ट्या इकान्या शेत का? माझ्या नातवाच्या पीसीला दोन पाहिजेत.

बोरीकाठ

आप्पा, त्या चारही दुकानदाराने परत घेतल्या, त्याशिवाय फरकात देत नव्हता. नातवाचा बोर्ड डीडीआर५ चा आहे का ते आधी बघा. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, पट्टी बसतच नाही.